गर्दी कोणी बोलावली?

हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे प्रतिकारपेशींचा एक कर्करोग, झालेल्या मानेच्या गाठीचा पातळ काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर नवख्या विद्यार्थ्याला त्यात कर्करोग दिसतच नाही. गडद, गोल केंद्रकांच्या लहान लिम्फोसाइट पेशी दिसतात, केशरी-गुलाबी कणांनी भरलेल्या इओसिनोफिल पेशी दिसतात, प्लाझ्मा पेशी, जंतू गिळणाऱ्या मॅक्रोफेज पेशी आणि तंतूंचे पट्टे दिसतात. आणि यांतल्या कोणत्याही पेशीवर बोट ठेवावे तर ती निरोगी निघते. बराच वेळ काच सरकवत राहिल्यावर कुठेतरी एक मोठी, फिकट पेशी सापडते. तिच्यात दोन केंद्रके शेजारी शेजारी असतात, प्रत्येकात एक ठळक तांबूस केंद्रिका असते आणि त्या केंद्रिकेभोवती स्वच्छ, रिकामे वलय असते. ही रीड-स्टर्नबर्ग पेशी. गाठीतल्या शंभर पेशींमागे अशी बहुधा एखाद-दुसरीच असते आणि खरा कर्करोग तेवढाच असतो. बडोद्यात विकृतिशास्त्र शिकवण्यात माझी नोकरीची वर्षे गेली. ही काच दाखवून झाली की मी विद्यार्थ्यांना विचारीत असे, की कर्करोगाच्या पेशी इतक्या थोड्या आहेत, तर गाठ एवढी मोठी कशाने झाली? गर्दीने, असे कोणीतरी म्हणे. मग गर्दी कोणी बोलावली, या प्रश्नावर मात्र वर्ग गप्प होई.

गर्दी बोलावली ती त्या एखाद-दुसऱ्या पेशीनेच, आणि ती बोलावण्याचे तिचे साधन म्हणजे सायटोकाईन. प्रतिकारपेशी एकमेकींना निरोप देण्यासाठी जी छोटी प्रथिने बाहेर सोडतात त्यांना हे नाव आहे. इंटरल्युकिन, इंटरफेरॉन, ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर ही त्यांतली काही ठळक घराणी. इंटरल्युकिन-५ सुटले की इओसिनोफिल वाढतात आणि जमतात. सीसीएल-१७ हा त्यांचाच एक भाऊबंद रेणू सुटला की विशिष्ट जातीच्या टी पेशी (लिम्फोसाइटचाच एक प्रकार) त्या दिशेने चालू लागतात. इंटरल्युकिन-६ सुटले की यकृत वेगळीच प्रथिने बनवू लागते आणि मेंदूतले तापमानाचे केंद्र शरीराची पातळी चढवते. ही प्रथिने बनवणारी सगळी जनुके तुमच्या-माझ्या जवळजवळ प्रत्येक पेशीत आहेत. कर्करोग झालेली प्रतिकारपेशी त्यांत नवे काही लिहीत नाही, कोणताही नवा रेणू शोधून काढत नाही. बिघडते ते एवढेच, की जे जनुक क्वचित, थोडा वेळ आणि खात्री पटल्यावरच उघडायचे, ते सतत उघडे राहते. आणि रुग्णाला गाठ हाताला लागण्यापूर्वी कित्येकदा हे उघडे राहिलेले जनुकच जाणवत असते. फक्त त्याचे नाव त्याला ठाऊक नसते.

माझ्या धाकट्या दिरांच्या बाबतीत असेच झाले. ते दांडिया बाजारात राहतात. त्या वर्षी उत्तरायणाला सगळे घर गच्चीवर पतंग उडवीत असताना भाऊजी एका कोपऱ्यात बसून पिंढऱ्या खाजवीत होते आणि पायजमा वर सरकला तेव्हा नडग्यांवर नखांच्या रेघोट्या दिसल्या, काही वाळलेल्या, काही ताज्या. दिराने वहिनीला खाजेचे काय सांगायचे, म्हणून त्यांनी ते महिनोन्‌महिने सांगितले नव्हते. सांगितले ते जाऊबाईंनी, खाली स्वयंपाकघरात उंधियो गरम करताना: "वहिनी, ह्यांचं बनियन रोज रात्री पिळून काढावं लागतं. बाहेर एवढी थंडी, आणि हे गादीवर टॉवेल घालून झोपतात. चादर वाळतच नाही." त्यापूर्वी एका दवाखान्यातून खरजेचे मलम आले होते, ते साऱ्या घराने अंगाला चोपडून झाले होते. मग दुसऱ्या एका ठिकाणी इंजेक्शने मिळाली, त्यांनी खाज गेली, घाम थांबला, भूक लागली, आणि सगळे जण त्या डॉक्टरांवर खूश झाले. ती इंजेक्शने स्टिरॉइडची होती. त्यांच्याकडे मी नंतर येते, कारण त्यांनी नेमके काय केले हे कळायला आधी निरोगी पेशीतली शिस्त पाहिली पाहिजे.

इंटरल्युकिन-२ चे जनुक घ्या. विश्रांत टी पेशीत ते बंद असते, नुसते निष्क्रिय नव्हे, तर प्रथिनांभोवती घट्ट गुंडाळून ठेवलेले. टी पेशीला तिच्या ओळखीचा परका अंश भेटला की आत कॅल्शियमची पातळी वाढते. त्या कॅल्शियममुळे कॅल्सिन्यूरिन हे विकर जागे होते आणि ते एनफॅट नावाच्या प्रथिनावरचे फॉस्फेट काढून टाकते. फॉस्फेट निघाले की एनफॅटला केंद्रकात शिरता येते. पण एवढ्याने जनुक उघडत नाही. इंटरल्युकिन-२ च्या जनुकाच्या अलीकडे जी नियंत्रक जागा आहे तिथे एनफॅट एकटे नीट टिकत नाही. त्याला शेजारी एपी-१ हे दुसरे प्रथिन लागते, आणि एपी-१ वेगळ्याच वाटेने, दुसऱ्या पेशीकडून आलेल्या वेगळ्या इशाऱ्याने तयार होते. बँकेतल्या लॉकरला जशा दोन किल्ल्या असतात, एक तुमची आणि एक बँकेची, आणि दोन्ही फिरल्याखेरीज दार उघडत नाही, तसाच हा बंदोबस्त आहे. नुसती एक किल्ली फिरली तर दार उघडत नाहीच, उलट ती टी पेशी सुस्तावते आणि पुढे खरा इशारा आला तरी दाद देत नाही. शरीराच्या स्वतःच्याच पेशींवर हल्ला होऊ नये म्हणून ही खबरदारी आहे आणि मला ती प्रतिकारसंस्थेतली सर्वांत सुंदर व्यवस्था वाटते.

दार उघडल्यावरही ते फार वेळ उघडे राहू नये याची तजवीज जनुकातच लिहिलेली असते. सायटोकाईनच्या जनुकावरून जो आरएनए, म्हणजे प्रथिन बनवण्यासाठीची नक्कल, उतरतो त्याच्या शेपटाकडे ए आणि यू या अक्षरांची दाटी असते आणि ती दाटी पाहून पेशी तो आरएनए लवकर तोडून टाकते. १९८६ साली शॉ आणि कामेन यांनी हे फार सरळ रीतीने सिद्ध केले: जीएम-सीएसएफ या सायटोकाईनच्या जनुकातला तेवढाच तुकडा काढून त्यांनी ग्लोबिनच्या, म्हणजे एरवी चांगल्या टिकाऊ, आरएनएला जोडला, आणि तो टिकाऊ आरएनएही झटपट नष्ट होऊ लागला. बोलावणे पाठवायचे, पण ते हवेत रेंगाळू द्यायचे नाही, असा हा खाक्या.

आता यातली एक गंमत, जी वर्गात सांगताना मला दरवेळी थोडे अवघडल्यासारखे होई. निरोगी पेशीतली ही शिस्त आपल्याला कळली ती बऱ्याच अंशी कर्करोगाच्या पेशींवरून. १९७० च्या दशकात रक्ताचा कर्करोग झालेल्या एका १४ वर्षांच्या मुलाच्या रक्तातून वाढवलेल्या टी पेशी, ज्यांना आज सारे जग जुरकाट या नावाने ओळखते, त्या प्रयोगशाळेत अखंड वाढत राहिल्या. त्या पेशी स्वतःहून इंटरल्युकिन-२ बनवीत नाहीत. पण दोन रसायने एकत्र दिली, एक पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहीला, म्हणजे बाहेरचा इशारा पकडणाऱ्या प्रथिनाला, चेतवणारे आणि दुसरे एपी-१ ची वाट जागी करणारे, की त्या भरभरून बनवतात. १९८३ साली जपानमध्ये तादात्सुगु तानिगुची यांच्या गटाने मानवी इंटरल्युकिन-२ च्या जनुकाची प्रत मिळवली ती याच पेशींतून. १९८८ साली जेराल्ड क्रॅबट्री यांच्या प्रयोगशाळेने एनफॅट दाखवून दिले, तेही याच पेशींत. एनफॅट पुढे कसे चालते, त्याला लागणारे कॅल्शियम पेशीत कोणत्या दारातून शिरते, हे उलगडण्यात मूळच्या भारतीय असलेल्या अंजना राव यांचा वाटा मोठा आहे. म्हणजे असे, की कर्करोग झालेली प्रत्येक प्रतिकारपेशी बेशिस्त असतेच असे नाही. जुरकाट पेशीने वाढ थांबवण्याचा नियम मोडला, पण इंटरल्युकिनचे कुलूप तिने शाबूत ठेवले. शिस्त एकदम, सगळीकडे, एकाच वेळी मोडत नाही. ती जागोजागी वेगवेगळी मोडते, आणि कुठे मोडली यावर त्या आजाराचे रूप ठरते.

कुठे कुठे मोडते याचे सर्वांत ढोबळ नमुने उंदीर, गिबन आणि माणूस या तिघांत सापडले आहेत. उंदराच्या वेही-३बी या ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाच्या, पेशी कोणी चेतवल्याशिवाय सतत इंटरल्युकिन-३ बनवतात. कित्येक प्रयोगशाळा त्यांच्या वाढीचे उरलेले द्रव इंटरल्युकिन-३ चा आयता साठा म्हणून वापरीत असत. १९८५ साली त्याचे कारण कळले: उंदराच्या जनुकसंचात इकडून तिकडे उडी मारणारा, विषाणूंच्या कुळातला एक डीएनएचा तुकडा नेमका त्या जनुकाच्या पुढ्यात येऊन बसला होता आणि त्याचे स्वतःचे चालू राहण्याचे बळ त्याने शेजाऱ्याला दिले होते. त्याच वर्षी गिबन माकडाच्या टी पेशींच्या लिम्फोमातही इंटरल्युकिन-२ च्या जनुकात असाच एक विषाणूचा तुकडा घुसलेला आढळला, फक्त तो जनुकाच्या पुढ्यात नव्हता, शेपटाकडे होता. माणसात बाहेरचा तुकडा यावा लागत नाही; आपलेच गुणसूत्र तुटून चुकीच्या जागी जोडले गेले तरी पुरते. बी पेशींच्या तीव्र ल्युकेमियाचा एक दुर्मीळ प्रकार आहे, त्यात पाचव्या गुणसूत्रावरचे इंटरल्युकिन-३ चे जनुक चौदाव्या गुणसूत्रावरील प्रतिपिंडाच्या जनुकापाशी जाऊन चिकटते. बी पेशीचे सारे आयुष्य प्रतिपिंड बनवण्याच्या तयारीत जाते, त्यामुळे चौदाव्या गुणसूत्रावरची ती जागा अहोरात्र चालू असते, आणि तिच्या शेजारी आलेले इंटरल्युकिन-३ तिच्याबरोबर चालू होते. अशा रुग्णाच्या रक्तात इओसिनोफिल पेशींचा महापूर येतो. त्या पेशी कर्करोगाच्या नसतात, ल्युकेमियाच्या पेशी कित्येकदा त्या मानाने थोड्याच असतात, पण इओसिनोफिलमधली रसायने हृदयाला इजा करतात आणि रुग्ण त्यानेही दगावू शकतो. ज्याला बोलावले त्यानेच घर पाडले, असा प्रकार.

हॉजकिनची पेशी यापेक्षा खोल बिघडलेली असते. तिच्यात एक जनुक चुकीच्या जागी गेलेले नाही. तिच्यात एनएफ-कप्पा-बी हे प्रथिन कायमचे केंद्रकात मुक्कामाला आलेले असते. १९८६ साली रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी बी पेशींत हे प्रथिन शोधले. पुढे कळले ते असे, की एरवी ते केंद्रकाबाहेर दुसऱ्या एका प्रथिनाच्या, आय-कप्पा-बीच्या, मिठीत अडकून असते. जंतूची चाहूल लागली की आय-कप्पा-बी नष्ट केले जाते, एनएफ-कप्पा-बी सुटून आत जाते आणि इंटरल्युकिन-६ सह अनेक सायटोकाईनची जनुके उघडते. पण त्याबरोबरच ते आपल्याला आवरणाऱ्या प्रथिनांचीही जनुके उघडते: नवे आय-कप्पा-बी बनते, ए-२० नावाचे आणखी एक आवरणारे प्रथिन बनते, आणि काही वेळाने सारे शांत होते. १९९७ साली बर्लिनच्या संशोधकांनी दाखवले, की हॉजकिनच्या पेशींत एनएफ-कप्पा-बी सतत जागे असते आणि त्याला गप्प केले तर त्या पेशी मरू लागतात. मग एकेक करून कारणे सापडत गेली. काही रुग्णांत आय-कप्पा-बीचेच जनुक मोडलेले, काहींत एनएफ-कप्पा-बीच्या एका घटकाच्या जनुकाच्या प्रती वाढलेल्या, आणि बऱ्याच जणांत ए-२० चे जनुक निकामी झालेले.

यात मला सर्वांत बोलकी वाटते ती ए-२० आणि एपस्टाइन-बार विषाणू यांची अदलाबदल. हा विषाणू आपल्यापैकी बहुतेकांच्या शरीरात लहानपणापासून निमूट राहतो. हॉजकिनच्या काही रुग्णांत तो रीड-स्टर्नबर्ग पेशींत सापडतो, आपल्याकडच्या लहान मुलांच्या हॉजकिनमध्ये तर बहुसंख्यांत सापडतो, आणि तो जिथे असतो तिथे एलएमपी-१ हे स्वतःचे प्रथिन पेशीच्या पडद्यात बसवतो. एखाद्या टी पेशीने बी पेशीला मदतीचा इशारा सतत देत राहावा, तसा परिणाम हे प्रथिन कोणीही इशारा दिलेला नसताना घडवते, आणि एनएफ-कप्पा-बी सुटते. ए-२० चे जनुक निकामी झालेले आढळते ते मात्र मुख्यत्वे विषाणू नसलेल्या रुग्णांत. म्हणजे जिथे विषाणूने काम केले आहे तिथे जनुक मोडण्याची गरज पडलेली नाही, आणि जिथे विषाणू नाही तिथे जनुक मोडून तेच साधले आहे. दोन वेगळ्या वाटांनी पेशी एकाच ठिकाणी पोचते, यावरून ते ठिकाण तिला किती हवे असले पाहिजे हे कळते.

या पेशीचा आणखी एक विक्षिप्तपणा सांगायला हवा. थॉमस हॉजकिन यांनी १८३२ साली या आजाराचे वर्णन केले, स्टर्नबर्ग यांनी १८९८ मध्ये आणि डोरोथी रीड यांनी १९०२ मध्ये ती पेशी नीट रेखाटली, आणि तरीही ती मुळात कोणत्या जातीची पेशी आहे यावर जवळजवळ आणखी एक शतक वाद चालला. १९९४ साली जर्मनीत राल्फ क्युपर्स आणि सहकाऱ्यांनी कापांतून या पेशी एकेक करून उचलल्या, त्यांचा डीएनए वाचला, आणि त्यात प्रतिपिंडाची जनुके जुळवल्याच्या खुणा सापडल्या. म्हणजे ती बी पेशी. वाद एवढा रेंगाळला, कारण तिने बी पेशीची बहुतेक ओळख टाकून दिलेली असते आणि भलत्याच पेशींची जनुके उघडलेली असतात. इंटरल्युकिन-१३ हे एरवी टी पेशीचे सायटोकाईन, ते ही बनवते. एरवी मॅक्रोफेजवर असणारा सीएसएफ-१ या सायटोकाईनचा ग्राही तिच्यावर असतो, आणि तो तिथे कसा आला याचा उलगडा २०१० साली झाला: आपल्या जनुकसंचात प्राचीन विषाणूंचे जे अवशेष निद्रिस्त पडून आहेत, त्यांतला त्या जनुकाजवळचा एक तुकडा या पेशीत जागा झाला होता आणि जनुक त्याच्यामार्फत चालू होते. उंदरात जे काम उडी मारून आलेल्या तुकड्याने केले, ते इथे कोट्यवधी वर्षांपूर्वी येऊन बसलेल्या आणि आजवर दाबून ठेवलेल्या तुकड्याने केले. आपल्या डीएनएचा सुमारे ८ टक्के भाग अशा अवशेषांचा आहे, आणि तो एवढ्या बेताने गप्प ठेवला जातो याचेच खरे तर आश्चर्य वाटायला हवे.

एवढा खटाटोप करून त्या पेशीला मिळते काय? पुष्कळ मिळते. इंटरल्युकिन-१३ ती सोडते आणि त्याचा ग्राहीही तिच्यावरच असतो, त्यामुळे ती स्वतःचेच बोलणे ऐकून वाढते. १९९९ साली हे दाखवले गेले. सीसीएल-१७ ने ज्या टी पेशी जमतात त्यांत हल्ला करणाऱ्या थोड्या आणि हल्ला आवरणाऱ्या पुष्कळ असतात. शिवाय जवळजवळ सर्व रुग्णांत नवव्या गुणसूत्राच्या आखूड बाहूवरचा एक पट्टा वाढीव प्रतींत आढळतो, आणि त्या एकाच पट्ट्यावर दोन प्रकारची जनुके शेजारी आहेत: जॅक-२, जे सायटोकाईनचा निरोप पेशीच्या आत पोचवते, आणि पीडी-एल-१ व पीडी-एल-२, जी चालून आलेल्या टी पेशीला थंड करतात. एका प्रतीच्या वाढीने दोन्ही लाभ. असे शेजार निसर्गात कसे जमून येतात हे पाहून मी कधीकधी थक्क होते, आणि मग आठवते की जिथे असे जमून आले नाही त्या पेशी आपल्यापर्यंत पोचलेल्याच नाहीत.

आता भाऊजींची इंजेक्शने. स्टिरॉइड पेशीत शिरून आपल्या ग्राहीला चिकटते आणि तो ग्राही केंद्रकात जाऊन एनएफ-कप्पा-बी आणि एपी-१ या दोघांचेही काम दाबतो. म्हणजे सायटोकाईनच्या जनुकांवर ते थेट पांघरूण घालते. शिवाय लिम्फोसाइट पेशींना ते मारते, त्यामुळे जमलेली गर्दीही पांगते. खाज, घाम, ताप हे सारे सायटोकाईनचेच खेळ असल्यामुळे ते झपाट्याने थांबतात, गाठ थोडी उतरते, आणि कर्करोगाच्या पेशी पुष्कळशा जिथल्या तिथे राहतात. भाऊजींच्या मानेची गाठ जेव्हा आम्ही काढवली तेव्हा पहिल्या कापात निश्चित काही सांगता येईना. औषध उतरल्यावर गाठ पुन्हा वाढू देऊन दुसरी काढावी लागली, तेव्हा कुठे त्या दोन केंद्रकांच्या पेशीची गाठ पडली. निदानापूर्वी स्टिरॉइड देऊ नये, हे आम्ही विद्यार्थ्यांना घोकून घेतो. घोकलेले पाठ राहते, का ते विसरले जाते, आणि मग एखाद्या कुटुंबाचे तीन-चार महिने फुकट जातात. याबद्दल माझा राग अजून गेलेला नाही.

दुसरी फसगत आपल्या देशाची म्हणून आहे. संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, उतरलेले वजन आणि मानेत गाठी, एवढे सांगितले की आपल्याकडे कोणाच्याही मनात आधी क्षयरोग येतो, आणि यायलाच हवा, कारण तो पुष्कळ जास्त आढळतो. क्षयरोगात निरोगी मॅक्रोफेज आणि टी पेशी जंतूंशी झगडताना तीच जनुके उघडतात, तेच रेणू रक्तात येतात. मेंदूला इंटरल्युकिन-६ पोचते. ते जंतूशी लढणाऱ्या पेशीने पाठवले की बिघडलेल्या बी पेशीने, हे त्या रेणूवर लिहिलेले नसते. म्हणून लक्षणांवरून हे दोन आजार वेगळे करण्याचा हट्ट धरू नये. गाठ काढून पाहावी. सुईने ओढलेल्या थेंबभर पेशींत ती शंभरातली एक सापडेलच असे नाही. हॉजकिनचे एक मोठे खास लक्षण पाठ्यपुस्तकांत असते, दारू प्यायल्यावर गाठ दुखते असे, पण गुजरातेत दारूबंदी असल्यामुळे ते विचारण्याचीही पंचाईत.

उपचार सुरू झाले आणि पहिल्या फेरीनंतरच घाम थांबला, तेव्हा भाऊजींनी मला विचारले, "वहिनी, एवढं विष नसांतून घालण्यापेक्षा ती जनुकंच बंद करणारं औषध नाही का?" प्रश्न बिनतोड होता. तसे औषध आहे, आणि ते बडोद्यात अनेक जण रोज घेतात. नडियादला किंवा अहमदाबादला मूत्रपिंड बदलून घेतलेल्यांना सायक्लोस्पोरिन किंवा त्याच जातीचे टॅक्रोलिमस आयुष्यभर घ्यावे लागते. ही औषधे कॅल्सिन्यूरिनला अडवतात, एनफॅट केंद्रकात जात नाही, टी पेशीतला इंटरल्युकिन-२ चा लॉकर बंदच राहतो आणि परके मूत्रपिंड टिकते. पण तोच लॉकर एपस्टाइन-बार विषाणूवर पहारा करणाऱ्या टी पेशींतही बंद होतो. मग निमूट राहिलेला तो विषाणू कधीकधी डोके वर काढतो, एलएमपी-१ बी पेशींच्या पडद्यात बसवतो, एनएफ-कप्पा-बी सुटते, आणि रोपण झालेल्या काही रुग्णांत त्यातून लिम्फोमा उद्भवतो. त्यावरचा पहिला इलाज म्हणजे तीच औषधे कमी करणे. सगळ्यांची जनुके सरसकट बंद करणे हा मार्ग नाही, हे मी त्यांना असे समजावले. जिथे फळ आले ते नेमक्या उलट्या दिशेने. पीडी-एल-१ टी पेशीवरच्या ज्या ग्राहीमार्फत तिला थंड करते, त्या पीडी-१ ची साखळी तोडणारे निव्होलुमॅब हे औषध आजार उलटलेल्या २३ हॉजकिन रुग्णांना दिल्याचा अभ्यास जानेवारी २०१५ मध्ये छापून आला. त्यांतल्या २० जणांचा आजार ओसरला. गाठीत जमलेली ती निरोगी गर्दी, जी एवढा काळ कर्करोगाच्या पेशीला पोसत होती, तिच्यातल्याच टी पेशींना हात मोकळे करून देण्याचा हा उपचार आहे. भाऊजींना त्याची गरज पडली नाही. त्यांचे जुन्या चार औषधांवर भागले.

त्यांच्या फाइलीत एक साधी तपासणी सुरुवातीपासून आहे, ईएसआर. रक्त उभ्या नळीत तासभर ठेवायचे आणि तांबड्या पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या ते मोजायचे. रावपुऱ्यातली लहानात लहान लॅबोरेटरीही ती करते. इंटरल्युकिन-६ यकृताला पोचले की ते फायब्रिनोजेन जास्त बनवते, त्याने तांबड्या पेशी चळतींनी एकमेकींना चिकटतात आणि जड होऊन लवकर बसतात. केंद्रकातल्या उघड्या जनुकाची खबर अशी नळीतल्या मिलिमीटरांपर्यंत येते. म्हणूनच सुरुवातीच्या अवस्थेतल्या हॉजकिनची जोखीम ठरवताना जर्मन आणि युरोपीय गट आजही हा आकडा पाहतात: ताप, घाम किंवा वजन घटणे यांपैकी काही असेल तर ३०, नसेल तर ५०, त्याच्या वर गेला की रुग्ण जास्त जोखमीच्या गटात. भाऊजींचा तो विश्वासाचा आकडा होऊन बसला आहे. डॉक्टरांनी लिहून दिले नाही तरी दर तपासणीला ते स्वतः पैसे भरून ईएसआर करून घेतात आणि मला फोनवर वाचून दाखवतात. मागे तो एकदम चढला, तेव्हा घरात कोणी नीट जेवले नाही. तज्ज्ञांनी मान, काखा आणि पोट चाचपून पाहिले, मग तोंड उघडायला सांगितले. खालच्या अक्कलदाढेभोवती हिरडी पुवाने सुजली होती. दाढ काढली, आणि पुढच्या महिन्यात आकडा खाली आला.